कृषिविद्यालये, अहमदनगर जिल्ह्यातील
प्राथमिक शिक्षण पुरे केलेल्या ग्रामीण मुलांना सामान्य विषयांबरोबर शेतीचे शास्त्र व शेतातील प्रत्यक्ष काम शिकविणारी शाळा म्हणजे कृषिविद्यालय होय. लोकव्यवहारात तिला ‘शेतकी शाळा’ असे म्हणतात. महाराष्ट्रात अशा शाळांचे स्थूलमानाने तीन प्रकार झाले : (१) मराठी सातवीच्या आसपासच्या मुलांसाठी ब्रिटिश अमदानीत निघालेल्या निवासी शेतकी शाळा; (२) शेती हा विषय शालान्त परीक्षेपर्यंत शिकविणारी माध्यमिक विद्यालये; आणि (३) शालान्त परीक्षेनंतर कृषिपदविका देणारी विद्यालये. या तिन्ही प्रकारांमागील कल्पना, त्यांतील विद्यार्थ्यांचे शिक्षण व त्यांच्यापुढील अडचणी अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात विशेष स्पष्टपणे दिसून येतात. २०२४ मध्ये या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर असे करण्यात आले. प्रस्तुत विवेचन बव्हंशी त्यापूर्वीच्या काळाविषयी असल्याने येथे जुनेच नाव वापरले आहे.

जिल्ह्याची पार्श्वभूमी : क्षेत्रफळाने (सु. १७,००० चौ. किमी.) हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून कृषिदृष्ट्या त्याचे दोन भिन्न भाग पडतात. उत्तरेस गोदावरी, प्रवरा व मुळा या नद्यांच्या खोऱ्यांत कालव्यांचे पाणी आहे. दारणा धरण व नांदूर मध्यमेश्वर येथील बंधारा यांमुळे गोदावरी कालव्यांना, तर १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणामुळे प्रवरा कालव्यांना पाणी मिळू लागले आणि कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर या भागांत ऊस हे मुख्य नगदी पीक बनले. दक्षिणेकडील पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, जामखेड, पाथर्डी इ. तालुके पर्जन्यछायेत मोडतात. तेथे खरिपात बाजरी व रब्बी हंगामात ज्वारी ही कोरडवाहू पिके प्रमुख असून अवर्षण हा नेहमीचाच अनुभव आहे. १८७६–७८, १८९६–९७ व १८९९–१९०० यांचे दुष्काळ आणि १९७२ चे अवर्षण यांची झळ जिल्ह्याला तीव्रतेने लागली. पश्चिमेकडील अकोले तालुक्याचा डोंगराळ भाग भाताचा व मुख्यतः आदिवासी वस्तीचा आहे. त्यामुळे ‘शेती शिकवावयाची’ म्हणजे नेमकी कोणती शेती शिकवावयाची, हा प्रश्न या एकाच जिल्ह्यात तीन निरनिराळ्या रूपांत उभा राहतो.

कल्पनेचा उगम : शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे शिक्षण मिळावे, ही मागणी महाराष्ट्रात प्रथम ठळकपणे मांडली ती महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात शेतीच्या पाठांचा समावेश करावा आणि नमुन्याच्या शेतावर त्याला प्रात्यक्षिकाची जोड द्यावी, असे सुचविले. १८८३ मध्ये लिहून पूर्ण झालेल्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथातही शेतकऱ्यांच्या मुलांच्या व्यावहारिक शिक्षणाचा त्यांनी पुरस्कार केला. त्यांच्या मागणीचे वैशिष्ट्य असे, की शेतीचे शिक्षण हे सामान्य शिक्षणाला पर्याय म्हणून त्यांनी मागितले नाही. शेतकऱ्याला वाचता-लिहिता यावे, हिशेब करता यावा, कागदपत्रांच्या आधारे होणारी लूट ओळखता यावी आणि त्याबरोबर शेतीही अधिक चांगली करता यावी, असा त्यांचा आग्रह होता. पुढील शंभर वर्षांच्या सरकारी प्रयोगांत हा दुहेरी हेतू क्वचितच एकत्र टिकला.

सरकारी धोरणाची दिशा वेगळी होती. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींनंतर प्रांतोप्रांती शेतकी खाती स्थापन झाली. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात १८७९ मध्ये शेतकीचा वर्ग निघाला होता. त्यातूनच पुढे पुण्याचे स्वतंत्र कृषिमहाविद्यालय उभे राहिले. १८८९ मध्ये हिंदुस्थानात आलेले कृषिरसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात देशी शेतकऱ्याच्या कौशल्याची वाखाणणी केली. हा शेतकरी अडाणी नसून साधनांच्या अभावी अडलेला आहे, असे त्यांच्या विवेचनावरून सूचित होते. १९०४ च्या शैक्षणिक ठरावात ग्रामीण शाळांनी प्रत्यक्ष शेतकी शिकवू नये, तर मुलांचे निरीक्षण वाढवून त्यांना डोळस शेतकरी बनविण्याची पूर्वतयारी करावी, असे धोरण मांडण्यात आले. शाळेने शेती शिकवावी की शेतीकडे पाहण्याची दृष्टी द्यावी, या वादाचा प्रारंभ येथे झाला.

लोणी प्रकारच्या शाळा : मुंबई इलाख्यात पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पुणे जिल्ह्यातील लोणी येथे मराठी माध्यमाची निवासी शेतकी शाळा चालू झाली (नगर जिल्ह्यातील प्रवराकाठचे लोणी हे निराळे). या शाळेच्या धर्तीवर इलाख्यात इतरत्रही शाळा निघाल्या व ‘लोणी प्रकार’ ही संज्ञा सरकारी कागदपत्रांत रूढ झाली. प्राथमिक शिक्षण झालेल्या शेतकरी मुलांना या शाळांत घेत. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, राहण्या-जेवण्याची सोय शाळेची आणि शाळेला जोडलेले शेत ही मुख्य प्रयोगशाळा, अशी रचना होती. दिवसाचा काही भाग वर्गात व काही शेतावर जाई. नांगरणी, पेरणी, कोळपणी, खत घालणे, बैलांची निगा ही कामे विद्यार्थी स्वतः करीत. त्याबरोबर हत्यारांच्या दुरुस्तीपुरते सुतारकाम व लोहारकाम आणि भाषा, गणित व हिशेब हे विषय असत.

याच काळात पंजाबात निराळी पद्धत अनुसरली गेली. तेथे स्वतंत्र शेतकी शाळा न काढता सामान्य देशी माध्यमिक शाळांतच शेती हा एक विषय म्हणून घालण्यात आला व त्याला शाळेच्या शेताची वा बागेची जोड देण्यात आली. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने (१९२६–२८) दोन्ही पद्धतींची तुलना करून पंजाबी पद्धतीला पसंती दिली. शेतकी शाळेत गेलेला मुलगा सामान्य शिक्षणाच्या वाटेवरून बाजूला पडतो, तर सामान्य शाळेत शेती शिकणाऱ्या मुलाला दोन्ही वाटा खुल्या राहतात, हे या मतभेदाचे मर्म होते. मुंबई इलाख्यातही वरच्या प्राथमिक इयत्तांना शेतीची जोड दिलेल्या शाळा निघाल्या. पालकांचा कल मात्र स्पष्ट होता. शाळा हे शेतीतून बाहेर पडण्याचे साधन आहे, असे मानणारा शेतकरी मुलाला पुन्हा नांगर धरावयास शिकविणाऱ्या शाळेत घालण्यास नाखूश असे. आणि ज्याला मुलाने शेतीच करावी असे वाटे, तो त्यासाठी शाळेची आवश्यकता मानीत नसे.

या नाखुशीला आर्थिक कारणही होते. पुण्याच्या कृषिमहाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाच्या पाहणीत वारसाहक्काने होणाऱ्या वाटण्यांमुळे जमिनीचे किती लहान व विखुरलेले तुकडे झाले आहेत, हे दाखवून दिले. शाळेचे शेत एकसंध, विहीर व बैलजोड्या यांनी युक्त असे. विद्यार्थ्याच्या घरची जमीन मात्र चार ठिकाणी विखुरलेली व अनेकदा गहाण पडलेली असे. शाळेत शिकलेली सुधारणा घरी करून पाहावयाची तर भांडवल लागे आणि ते सावकाराकडूनच मिळे. म्हणजेच शेतकी शाळेचे यश वर्गापेक्षा पतपुरवठ्यावर अवलंबून होते.

माध्यमिक विद्यालयांतील शेती : १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर आलेल्या मूलोद्योग शिक्षणाच्या योजनेत शेती हा एक मूलोद्योग मानला गेला. सर्व विषय त्या उद्योगाच्या अनुबंधाने शिकवावेत, अशी तिची दृष्टी होती. बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई प्रांतात या योजनेचा अवलंब केला. स्वातंत्र्योत्तर काळात माध्यमिक शिक्षण आयोगाने (मुदलियार आयोग, १९५२–५३) बहुउद्देशी विद्यालयांची शिफारस केली. मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, कृषी, ललित कला व गृहविज्ञान असे सात अभ्यासगट त्यात सुचविलेले होते. ग्रामीण विद्यालयांत शेतीबरोबर उद्यानविद्या, पशुसंवर्धन व कुटिरोद्योग यांचीही सोय असावी, असे आयोगाने म्हटले.

नगर जिल्ह्यात याच सुमारास माध्यमिक शिक्षणाचा प्रसार झपाट्याने होत होता. १९१८ मध्ये स्थापन झालेला अहमदनगर जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाज व कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापिलेली रयत शिक्षण संस्था यांचा त्यात मोठा वाटा आहे. शारीरिक श्रम करून स्वतःच्या शिक्षणाचा खर्च भागविणे, ही रयत शिक्षण संस्थेची पद्धत ‘कमवा व शिका’ या नावाने प्रसिद्ध आहे. वसतिगृहातील मुले शेतात, बागेत व बांधकामावर राबत. या श्रमाचा उद्देश पीक काढण्याचे शास्त्र शिकविणे हा नसून गरीब मुलाला शिक्षण शक्य करणे व श्रमाविषयीची लाज घालविणे हा होता. कृषिविद्यालयातील प्रात्यक्षिक व वसतिगृहातील श्रम बाहेरून सारखेच दिसत असले, तरी त्यांतील हा फरक महत्त्वाचा आहे. पहिल्यात काम हा अभ्यासाचा विषय असतो, तर दुसऱ्यात ते अभ्यासाची किंमत असते.

अभ्यासक्रम व अध्ययन : कृषिविद्यालयांच्या अभ्यासक्रमात माती व तिची मशागत, अवजारे, खते, बी-बियाणे, पिके, कीड व रोग, पाणी-व्यवस्था, जनावरांची निगा, फळझाडे व भाजीपाला, शेतीचा जमाखर्च आणि सहकार हे घटक सामान्यतः असत. लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षा घेतली जाई. प्रात्यक्षिकात बी ओळखणे, तण ओळखणे, अवजाराचे भाग सांगणे, वाफे बांधणे, कलम करणे यांसारखी कामे विद्यार्थ्याला करून दाखवावी लागत. प्रात्यक्षिक वहीत प्रत्येक कामाची तारीख, लागलेले मनुष्यबळ, बियाण्याचे प्रमाण व आलेला खर्च यांची नोंद असे. शेतकऱ्याच्या घरात तोंडी चालणारा व्यवहार कागदावर आणण्याची सवय हा या शिक्षणाचा एक टिकाऊ लाभ होय. बियाण्याचे एकरी प्रमाण गुंठ्याच्या वाफ्यास किती पडते, यासारख्या उदाहरणांतून त्रैराशिकाला प्रत्यक्ष अर्थ प्राप्त होई.

उगवणशक्तीची चाचणी हे या अध्ययनाचे एक साधे उदाहरण आहे. ज्वारीचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावयाचे, ठराविक दिवसांनी मोड आलेले दाणे मोजावयाचे आणि त्यावरून पेरणीसाठी बियाण्याचे प्रमाण ठरवावयाचे. तीच गोष्ट ज्वारीवरील काणी रोगाची. पूर्वी मोरचुदाच्या द्रावणात व पुढे गंधकाच्या भुकटीत बी घोळून हा रोग टाळता येतो, हे शेतकी खात्याने दाखवून दिले होते. प्रक्रिया केलेल्या व न केलेल्या बियाण्याचे दोन वाफे शेजारी-शेजारी ठेवले, म्हणजे रोग दैवाने नव्हे तर बियाण्यावरील बीजाणूंमुळे येतो, हे विद्यार्थ्याला व्याख्यानावाचून समजे. तुलनेसाठी एक वाफा राखून ठेवणे, हे प्रायोगिक विज्ञानाचे मूलतत्त्व होय. प्रयोगशाळा नसलेल्या ग्रामीण विद्यालयातही ते अशा रीतीने शिकविता येत असे.

याउलट काही गोष्टी पुस्तकापेक्षा अनुभवी हातालाच अधिक कळतात. जमिनीला वाफसा आला की नाही, हे माती मुठीत दाबून व पायाखाली तुडवून ठरविले जाते. पाभरीने पेरताना चाड्यावरील मुठीतून बी सारखे सोडणे, बैलांच्या चालीशी तो वेग जुळविणे, उसाला पाणी देताना दारे केव्हा मोडावे हे ओळखणे, ही कौशल्ये विद्यार्थी घरूनच काही प्रमाणात घेऊन येत. शेतीची पदवी घेतलेला, परंतु नांगराची सवय नसलेला शिक्षक आणि पुस्तक वाचता न येणारा, परंतु शेतीत मुरलेला शाळेचा गडी यांच्यामध्ये ज्ञानाची अशी वाटणी असे. ज्या विद्यालयांत या दोघांनाही विद्यार्थ्यांपुढे मान होता, तेथे शिक्षण सकस झाले.

शाळेचे वर्ष व शेतीचे वर्ष : कृषिविद्यालयाची सर्वांत मोठी अडचण वेळापत्रकाची होती. जूनमध्ये शाळा उघडतात त्याच सुमारास मृगाचा पाऊस व खरिपाची पेरणी येते; प्रवेश व पुस्तके यांच्या गडबडीत बाजरीच्या पेरणीचा वाफसा निघून जातो. रब्बी ज्वारी भाद्रपद-आश्विनात पेरली जाते आणि तिची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये म्हणजे ऐन परीक्षेच्या दिवसांत होते. उन्हाळी नांगरट, कुळवणी व बांधबंदिस्ती ही पुढील वर्षाचा पाया घालणारी कामे मे महिन्याच्या सुटीत पडतात. उसाची स्थिती तर याहून अवघड आहे. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस सु. सोळा ते अठरा महिन्यांनी तुटतो. म्हणजे एका इयत्तेत लावलेल्या उसाची तोड विद्यार्थी पुढच्या इयत्तेत गेल्यावर होते. लोणी प्रकारच्या शाळांचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा व निवासी असल्याने अशा पिकांचे पूर्ण चक्र पाहता येई. माध्यमिक विद्यालयात मात्र आठवड्यातील काही तासिकांत शेती बसवावी लागे व विद्यार्थ्याला पिकाचे तुकडेच दिसत. घरी कामाचा ताण असताना मुले गैरहजर राहत. सुगीतील गैरहजेरी हा शाळेच्या दृष्टीने दोष असला, तरी ती शेतीच्या शिक्षणाचाच भाग होती.

या प्रश्नावर अन्यत्र काढलेले उपाय बोधप्रद आहेत. अमेरिकेत १९१७ च्या स्मिथ-ह्यूझ कायद्याने माध्यमिक शाळांतील कृषिशिक्षणाला केंद्रीय अनुदान मिळाले, तेव्हा विद्यार्थ्याने वर्षातून किमान सहा महिने देखरेखीखाली प्रत्यक्ष शेतीकाम करावे, अशी अट होती. बहुधा हे काम त्याच्या घरच्या शेतावरच होई व शिक्षक तेथे जाऊन पाहणी करी. डेन्मार्कमध्ये १८४४ पासून निघालेल्या लोकविद्यालयांनी शेतीचे धडे गौण मानून तरुण शेतकऱ्यांना इतिहास, भाषा व नागरिकत्व यांचे शिक्षण दिले. त्या पिढ्यांतूनच तेथील सहकारी चळवळीला कार्यकर्ते लाभले. भारतातील शेतकी शाळांनी बहुधा विद्यार्थ्याला बापाच्या शेतावरून उचलून शाळेच्या शेतावर नेले. त्यामुळे शाळेतील सुधारणेचा घरच्या शेतीशी संबंध जोडण्याचे काम एकट्या विद्यार्थ्यावर पडले.

शाळेबाहेरचे कृषिशिक्षण : नगर जिल्ह्यात शेतीतील मोठे बदल शाळांमधून आले नाहीत. कालवे निघाल्यावर सासवडकडील माळी बागाईतदार प्रवरा व गोदावरीच्या कालवाक्षेत्रांत आले. खंडाने जमिनी घेऊन त्यांनी उसाची लागवड केली. स्थानिक शेतकऱ्यांनी ऊस-गुळाचे तंत्र बरेचसे त्यांच्या फडावरून व गुऱ्हाळावरून उचलले. पुढे विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ व वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०–५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. औपचारिक शिक्षण जेमतेम असलेल्या विखे पाटलांनी आपल्या परिसरात शिक्षणसंस्थांना चालना दिली, ही गोष्ट लक्षणीय आहे. सहकारी कारखान्यांच्या शेतकी विभागांनी बेणे, खते व लागवडीच्या तारखा यांचे वेळापत्रक घालून दिले आणि सभासदांच्या दृष्टीने तेच व्यावहारिक कृषिशिक्षण ठरले. कालव्याच्या अतिपाण्याने जमिनी खारवट व चोपण होतात, हा धडाही शेतकऱ्यांनी स्वतःच्या शेतातच घेतला.

कोरडवाहू भागासाठी ना. वि. कानिटकर यांनी मांजरी येथे १९२३ पासून व पुढे सोलापूर येथे केलेले संशोधन मूलगामी होते. बांध घालून पाणी जिरविणे, योग्य वेळी मशागत, विरळ पेरणी व वारंवार कोळपणी यांवर आधारलेली ही पद्धत ‘मुंबई कोरडवाहू शेतीपद्धती’ म्हणून ओळखली जाते. कर्जत-जामखेडच्या मुलाला तिचे ज्ञान अत्यंत उपयुक्त होते. तथापि बांध हे एकट्याच्या शेतापुरते घालून भागत नाही, त्यासाठी सबंध शिवाराचे सहकार्य लागते. एका विद्यार्थ्याच्या शिक्षणाची मर्यादा येथे उघड होते. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे १९७५ नंतर व नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे १९९० च्या सुमारास सुरू झालेल्या पाणलोट विकासाच्या कामांत संपूर्ण गाव हाच शिकणारा घटक होता. राळेगणच्या शाळेत अन्यत्र नापास झालेल्या मुलांनाही प्रवेश देऊन त्यांना अभ्यास व गावकाम यांची जोड देण्यात आली.

कोठारी आयोग व नंतरचा काळ : कोठारी शिक्षण आयोगाने (१९६४–६६) प्राथमिक वा निम्न माध्यमिक स्तरावरील शेतकी शाळांमधून व्यावसायिक शेतकरी तयार करण्याचा प्रयत्न अयशस्वी झाला आहे, असा निष्कर्ष काढला. अशा नव्या शाळा काढू नयेत, सर्वच शाळांच्या शिक्षणाला शेतीचे वळण द्यावे आणि दहावीनंतरच्या प्रशिक्षणासाठी कृषितंत्रनिकेतने स्थापावीत, असे आयोगाने सुचविले. १९७५ मध्ये दहावीच्या नव्या आकृतिबंधाची पहिली शालान्त परीक्षा झाली. या आकृतिबंधात कार्यानुभव हा विषय आला. अनेक शाळांत तो वाफे व कुंड्या यांपुरता मर्यादित राहिला.

१९६८ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे राहुरी येथे मुख्यालय झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठामुळे जिल्हा राज्याच्या कृषिशिक्षणाचे एक केंद्र बनला. १८८२ मध्ये शेतीशिक्षणाची मागणी करणाऱ्या फुल्यांचे नाव या विद्यापीठास देण्यात आले, हे औचित्यपूर्ण होय. पदवी व पदव्युत्तर शिक्षणाबरोबर निम्नस्तर कृषिशिक्षणाची, म्हणजे शालान्त परीक्षेनंतरच्या मराठी माध्यमातील कृषिपदविकेची जबाबदारीही विद्यापीठाकडे आली. गीर गाईशी होल्स्टीन फ्रीजियन व जर्सी यांचा संकर करून निर्माण केलेली ‘फुले त्रिवेणी’ गाय, तसेच पिकांचे विविध वाण ही विद्यापीठाची संशोधनकार्ये पदविका विद्यार्थ्यांच्या पाठांचा विषय बनली. पुढे जिल्ह्यात खाजगी संस्थांची पदविका विद्यालयेही निघाली. बाभळेश्वर येथील कृषी विज्ञान केंद्राने शाळेबाहेरच्या शेतकऱ्यांच्या व ग्रामीण युवकांच्या अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाचे कार्य केले आहे.

विद्यार्थी व त्यांची वाट : कृषिपदविका घेणारे बहुतेक विद्यार्थी शेतीवर परत जाण्यासाठी आले नाहीत. १९५२ मध्ये समूह विकास योजना व १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यानंतर ग्रामसेवक, कृषी सहायक यांसारख्या जागा निर्माण झाल्या. साखर कारखान्यांच्या शेतकी विभागांत उसाची नोंद घेणारे मदतनीस व तोडीच्या चिठ्ठ्या देणारे चिटबॉय लागत. पदविका ही या नोकऱ्यांची पायरी ठरली. यास केवळ विद्यार्थ्यांची नोकरीलालसा म्हणणे न्याय्य ठरणार नाही. दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू जमिनीत तीन भावांपैकी एकाने पगार आणला, तरच उरलेल्या दोघांची शेती चालते, हा कुटुंबाचा हिशेब होता व तो बहुधा बरोबर होता. अनेक घरांत विहिरीचे खोदकाम, इंजिन वा ठिबक संच हे अशा नोकरीच्या पगारातूनच आले. शेतकी शाळेने शेतीला जे दिले, ते कधीकधी असे वळसा घेऊन आले.

या शिक्षणाच्या लाभार्थींची कक्षा प्रारंभापासून अरुंद होती. विद्यार्थी हा जमीनधारक शेतकऱ्याचा मुलगा असणार, असे शाळांनी गृहीत धरले होते. खुरपणी, बियाण्याची निवड व साठवण, दुभत्या जनावरांची देखभाल ही कामे प्रामुख्याने स्त्रिया करीत असूनही मुलींना कृषिविद्यालयांची दारे दीर्घकाळ बंदच राहिली. भूमिहीन मजुरांच्या व दलितांच्या मुलांना स्वतःची जमीन नसल्याने शाळेतील शेतीचे ज्ञान मजुरीपलीकडे नेणारे नव्हते. त्यांच्या पालकांनी सामान्य शिक्षणच अधिक मुक्तिदायक मानले, यात नवल नाही. अकोले तालुक्यातील महादेव कोळी व ठाकर मुलांना आश्रमशाळांतून शिक्षण मिळाले. परंतु रानभाज्या, स्थानिक भातवाण व जंगल यांविषयीचे त्यांच्या घरचे ज्ञान पाठ्यपुस्तकांत क्वचितच आले. अलीकडील काळात कृषिपदविका व पदवी अभ्यासक्रमांत मुलींची उपस्थिती नित्याची झाली आहे.

मूल्यमापन : कृषिविद्यालयांनी मोठ्या संख्येने शिक्षित शेतकरी निर्माण केले नाहीत, हे कोठारी आयोगाचे मत सामान्यतः ग्राह्य आहे. परंतु या अपयशाची कारणे केवळ शाळेत शोधणे अपुरे होय. जमिनीचे तुकडीकरण, पाण्याची विषम वाटणी, पतपुरवठ्याची उणीव आणि श्रमाला समाजात असलेले दुय्यम स्थान या गोष्टी शाळेच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. ज्या ठिकाणी पाणी, पत व सहकारी संघटन उपलब्ध झाले, तेथे शाळेत न गेलेल्या शेतकऱ्यांनीही नवे तंत्र आत्मसात केले. जेथे ते नव्हते, तेथे शाळेत गेलेल्यांनाही ते वापरता आले नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शालेय स्तरावरील व्यवसायशिक्षणाचा पुन्हा पुरस्कार केला आहे. त्यामुळे शाळेत शेतीचा समावेश कोणत्या स्वरूपात करावा, हा जुना प्रश्न पुन्हा विचारार्थ आला आहे. शेतकऱ्याच्या मुलाला शेतीत राहण्याचे ज्ञान आणि शेतीबाहेर पडण्याचे स्वातंत्र्य ही दोन्ही एकाच शाळेतून मिळाली पाहिजेत, ही फुल्यांच्या निवेदनातून निघणारी कसोटी आजही या शिक्षणाला लागू पडते.